काठमांडूच्या बाजारात खरेदी : असनच्या सकाळपासून पाटनच्या मूर्तींपर्यंत

पशुपतिनाथाचे दर्शन घेऊन परतणाऱ्या मराठी मंडळींच्या सामानात रुद्राक्षाची माळ, एखादी शाल आणि धातूची छोटी मूर्ती हटकून असते, आणि यांतील बहुतेक वस्तू मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी, हॉटेलच्या आसपास, तास-दोन तासांच्या घाईत घेतलेल्या असतात. काठमांडूत अशी घाई महागात पडते. हे जुने शहर धंद्यांनुसार वसलेले आहे. मसाल्यांचा टोल (म्हणजे मोहल्ला) वेगळा, पोतीच्या माळांची गल्ली वेगळी, मूर्ती घडवणाऱ्यांची वस्ती तर नदीपलीकडच्या पाटनमध्ये आहे. जी वस्तू जिथे घडते किंवा जिथे स्थानिक लोक ती घरासाठी घेतात, तिथेच जाऊन ती घ्यावी, असा माझा आग्रह आहे, आणि त्यासाठी प्रवासाच्या आखणीतच खरेदीला दीड दिवस राखून ठेवावा. पुढचा क्रम त्या दीड दिवसाचा आहे.

निघण्याआधी : पैसा आणि वार

नेपाळी रुपयाचा भारतीय रुपयाशी असलेला दर १९९३ पासून स्थिर आहे : १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये. दुकानात उभे असताना तोंडी हिशेब करायचा तर नेपाळी किंमत निम्मी करावी आणि त्या निम्म्याचा चौथा भाग तिच्यात मिळवावा. १६०० नेपाळी रुपयांचे निम्मे ८००, त्याचा चौथा भाग २००, म्हणजे १००० भारतीय रुपये झाले. हा हिशेब इतका सोपा आहे की मोबाइल बाहेर काढावा लागत नाही, आणि भाव करताना त्याचा फार उपयोग होतो.

भारतीय गिऱ्हाईक दिसले की काही दुकानदार आपण होऊन भारतीय रुपयांत भाव सांगतात. तिथे बोलीभाषेत भारतीय चलनाला ‘आईसी’ आणि नेपाळी चलनाला ‘एनसी’ म्हणतात, तेव्हा आकडा ऐकताच ‘आईसी की एनसी?’ असे विचारून घ्यावे. हे राहून गेले तर पैसे देण्याच्या वेळी नसता वाद उभा राहतो. शिवाय दुकानदाराने सोयीसाठी १.६ ऐवजी दीडपटीचा हिशेब धरला, तर १००० रुपयांमागे आपले १०० नेपाळी रुपये जातात. म्हणून पहिल्याच दिवशी थोडे पैसे बदलून घ्यावेत आणि सगळा व्यवहार नेपाळी रुपयांत करावा.

भारतीय नोटांबाबत सावध राहावे. १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटा बाळगण्यावर नेपाळ सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये बंदी घातली होती आणि त्याविषयीचे नियम पुढेही बदलत आले आहेत. निघण्याच्या आठवड्यात ताजा नियम पाहून घ्यावा आणि काही झाले तरी १०० च्या नोटांची एक गड्डी जवळ ठेवावी, कारण ती नोट सर्वत्र चालते. मार्च २०२४ पासून नेपाळमधील फोनपे या कंपनीच्या क्यूआर कोडवर भारतीय यूपीआयने पैसे देता येऊ लागले आहेत. भारतात त्याच उच्चाराचे जे ॲप आहे, त्याहून ही कंपनी वेगळी आहे. आपल्या ॲपमधील परदेशी व्यवहारांची सोय घरूनच चालू करून घ्यावी. असन बाजाराच्या फुटपाथावरच्या भाजीवाल्या दिदीकडे मात्र सुट्टे पैसेच लागतात.

वाराचे भान ठेवणे तितकेच महत्त्वाचे आहे. नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. ठमेल हा पर्यटकांचा भाग त्या दिवशी चालू असतो, परंतु असन, इंद्रचोक आणि न्यू रोड या स्थानिक बाजारांतील पुष्कळ दुकाने बंद राहतात. शनिवारी खरेदीला निघालेला माणूस म्हणूनच ठमेलच्या चढ्या भावात अडकतो. आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांत तिथे दशैं हा सण असतो. त्याआधीच्या आठवड्यांत बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि वडीलधाऱ्यांकडून टिळा लावून घेण्याच्या मुख्य दिवसांत शहर ओस पडते. त्या काळात जाणे असेल तर खरेदी सणाच्या निदान दहा दिवस आधी उरकावी. घड्याळही पंधरा मिनिटे पुढे करून घ्यावे.

पहिली सकाळ : असन

असनला सकाळी सातच्या सुमारास पोहोचावे. सहा रस्ते जिथे एकत्र येतात असा हा चौक आहे, आणि त्याच्या कडेला अन्नपूर्णेचे मंदिर आहे, ज्यात देवीची पूजा भरलेल्या कलशाच्या रूपात होते. तिबेटशी चालणाऱ्या व्यापाराचा जुना रस्ता याच चौकातून तिरपा जाऊन इंद्रचोक आणि मखनमार्गे हनुमान ढोक्याच्या राजवाड्याकडे उतरतो. आपली सकाळची वाटही हीच. सातला भाजी आणि फुले विकणारे बसलेले असतात, भांड्यांची व कापडाची दुकाने दहाच्या आसपास उघडतात. म्हणून आधी मसाले, मग भांडी आणि शेवटी शाली, हा क्रम आपोआप जुळतो.

फलक देवनागरीत असल्यामुळे मराठी माणसाला इथे मोठीच सोय आहे. ‘पसल’ म्हणजे दुकान, हा एक शब्द कळला की ‘मसला पसल’, ‘भाँडा पसल’ हे सगळे वाचत जाता येते. दुकानदाराला ‘साहुजी’, दुकानदारीण असेल तर ‘साहुनी’, वयाने मोठ्या पुरुषाला ‘दाइ’ आणि बाईला ‘दिदी’ म्हणावे. ‘कति पर्छ?’ म्हणजे कितीला पडेल, आणि ‘अलि घटाउनुस् न’ म्हणजे जरा कमी करा ना. एवढ्यावर हिंदीच्या जोडीने दिवस निभतो.

मसाल्यांत तीन वस्तू अवश्य घ्याव्यात. पहिली टिमुर. आपल्या कोकण-गोव्यात बांगड्याच्या कालवणात जे तिरफळ पडते, त्याच्याच कुळातले हे फळ आहे, फक्त आकाराने लहान आणि वासाला लिंबाकडे झुकणारे. पारख तीच : टरफल तांबूस-तपकिरी आणि उघडलेले असावे, आतले काळे चकचकीत बी जितके कमी तितके बरे, कारण ते दाताखाली वाळूसारखे करकरते आणि त्याला चवही नसते. एक टरफल जिभेच्या टोकावर ठेवून पाहावे. अर्ध्या मिनिटात जीभ झिणझिणली नाही, तर माल जुना आहे.

दुसरी वस्तू जिम्बु. मुस्तांगकडच्या उंच प्रदेशात उगवणाऱ्या, कांद्या-लसणाच्या कुळातील वनस्पतीची ही वाळलेली पात असते, आणि दिसायला ती सुकलेल्या गवताच्या काड्यांसारखी दिसते. असनमधल्या एका म्हाताऱ्या साहुनीने मला ती कशी घ्यावी हे दाखवले होते. तिने पोत्यातून चिमूटभर काड्या उचलल्या, डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या अंगठ्याने जोराने चोळल्या आणि तळवा माझ्या नाकाशी धरला. ताज्या जिम्बुचा वास तेवढ्यानेच उसळून येतो. शेजारच्या पोत्यातली जुनी पात तशीच चोळली तेव्हा नुसता वाळक्या चाऱ्याचा वास आला. भाव दोन्ही पोत्यांचा सारखाच होता. घरी आल्यावर तुपात चिमूटभर टाकून उडदाच्या वरणाला फोडणी द्यावी; काड्या काळपट होण्याआधी गॅस बंद करावा, एवढे सांभाळले की झाले.

तिसरी वस्तू म्हणजे मसाल्याची मोठी वेलची, जिला तिथे ‘अलैंची’ म्हणतात. तिच्या उत्पादनात पूर्व नेपाळचा वाटा फार मोठा आहे, त्यामुळे माल ताजा मिळतो. बोंड फोडून आतले दाणे चिकट आणि गडद आहेत का ते पाहावे. इलामचा चहा घ्यायचा असेल तर पानांचा घ्यावा, भुकटीचा नको.

वजन नेहमी ग्रॅममध्ये मागावे. जुन्या नेपाळी मापात ‘धार्नी’ या वजनाचे बारा पाउ असतात आणि तो पाउ सुमारे २०० ग्रॅमचा असतो, तर आपला पाव २५० ग्रॅमचा. ‘एक पाव द्या’ असे मोघम बोलले की कोणते माप हातात पडेल हे त्या तराजूवर अवलंबून राहते. बंद पाकीट घेताना तारीख पाहावी. काही पाकिटांवर विक्रम संवत छापलेले असते, तेव्हा २०८२ सारखा आकडा पाहून गोंधळू नये. नेपाळी वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होते. त्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेतून ५७ आणि पुढे एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या तारखेतून ५६ वर्षे वजा केली की इसवी सन मिळतो.

असनकडून केल टोलाकडे उतरताना तांब्या-पितळेची आणि काशाची दुकाने लागतात. काठमांडू खोऱ्यातील नेवार समाजाच्या घरांत पूजेला वापरतात ती ‘सुकुंदा’ नावाची, गणपती आणि तेलाचा साठा एकत्र असलेली समई इथे घ्यावी. आपल्या देवघरात ती सहज शोभते. भांडी वजनावर विकली जातात आणि घडणावळ वेगळी लावली जाते, त्यामुळे भाव विचारताना ‘किलोला किती आणि घडणावळ किती’ असे दोन्ही विचारावे. भांडे तोलकाट्यावर आपल्यासमोर ठेवायला सांगावे.

इंद्रचोक : काचमण्यांचे पोते आणि शाली

इंद्रचोकात आकाशभैरवाच्या मंदिराजवळून एक अरुंद वाट पोतेबाजारात जाते. नेपाळमधील विवाहित स्त्रिया गळ्यात रंगीत काचमण्यांचे ‘पोते’ घालतात. आपल्या काळ्या पोतीचे हे नातलगच म्हणायचे. या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम व्यापारी हा धंदा करत आले आहेत. इथे तयार माळ उचलण्यापेक्षा रंग आणि लांबी सांगून समोर ओवून घ्यावी, थोडा वेळ लागतो पण गाठ पक्की बसते आणि मणी एकसारखे निवडले जातात.

शालींकडे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण काठमांडूत सर्वाधिक फसवणूक याच मालात होते. पश्मिना म्हणजे हिमालयाच्या उंचीवर राहणाऱ्या बोकड-शेळ्यांच्या अंगावरची आतली मऊ लव. नेपाळीत या शेळीला ‘च्यांग्रा’ म्हणतात, आणि नेपाळी उत्पादकांच्या संघटनेचे ‘च्यांग्रा पश्मिना’ हे नोंदणीकृत चिन्ह आहे. ते असलेली पट्टी शालीला शिवलेली असेल तर निदान पहिली शंका दूर होते. शंभर टक्के पश्मिन्याखेरीज रेशीम मिसळलेलाही माल असतो, ज्यात सत्तर टक्के पश्मिना आणि तीस टक्के रेशीम हे प्रमाण सर्रास आढळते. तो खोटा नव्हे, टिकाऊ असतो आणि त्याला चकाकी असते. परंतु त्याची किंमत शुद्ध मालाइतकी देऊ नये.

पारख अशी करावी. शालीच्या दशीतून एक धागा ओढून मागावा आणि दुकानाबाहेर येऊन तो पेटवावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली राख बोटात चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. चांगला दुकानदार या मागणीला नाही म्हणत नाही, आणि जो म्हणतो त्याच्याकडून शाल घेऊ नये. माझ्या पहिल्या प्रवासात मी एका दुकानात हे विचारायला संकोचलो, आणि आईसाठी आणलेल्या शालीचा धागा घरी जाळला तेव्हा त्याची काळी गोळी झाली. आईने ती शाल तरीही कौतुकाने वापरली, म्हणून मला ते अधिकच लागून राहिले. साध्या मेंढीच्या लोकरीलाही केसांचाच वास येतो, हे लक्षात ठेवून दुसरी परीक्षा हाताने करावी : शाल मानेच्या मागे, जिथे कातडी नाजूक असते तिथे, मिनिटभर ठेवावी. मेंढीची लोकर टोचते, पश्मिना ऊब धरू लागते.

अंगठीतून शाल ओढून दाखवण्याला भुलू नये. पातळ कृत्रिम कापडही अंगठीतून जाते. त्या कसरतीची कीर्ती मुळात शहतूश शालीची, जी चिरू या तिबेटी हरणाला मारून मिळवलेल्या लोकरीची असते आणि जिच्या व्यापारावर बंदी आहे. ती कोणी हळू आवाजात देऊ केली तर तिथून उठावे. मापे साधारण ठरलेली असतात : पूर्ण शाल ३६ बाय ८० इंच, स्टोल २८ बाय ८० इंच आणि मफलर १२ बाय ६० इंच. भावाची तुलना करताना माप आणि धाग्याचे पदर एकच आहेत ना, हे पाहिल्याशिवाय दोन दुकानांच्या आकड्यांना अर्थ नाही.

रुद्राक्ष

पशुपतीच्या परिसरात रुद्राक्षाची दुकाने ओळीने आहेत. पंचमुखी रुद्राक्ष मुबलक पिकतो आणि म्हणून स्वस्त असतो. जपाची माळ घ्यायची असेल तर तोच घ्यावा, त्यात फसवायला कोणाला फारसे कारण नसते. नेपाळी मणी इंडोनेशियातील मण्यांपेक्षा मोठा आणि खोल रेषांचा असतो. कमी-अधिक मुखांचे मणी महाग विकले जातात, आणि तिथेच मुखांच्या रेषा कोरणे, बुजवणे, दोन मणी चिकटवणे हे प्रकार होतात. भिंगातून पाहिल्यास खरी रेषा वरच्या छिद्रापासून खालच्या छिद्रापर्यंत अखंड आणि किंचित वेडीवाकडी जाते. कोरलेली रेषा गुळगुळीत असते किंवा मध्येच थांबते. पाण्यात बुडतो तो खरा, या समजुतीवर विसंबू नये, कारण वाळलेला खरा मणीही तरंगतो आणि आत शिसे भरलेला खोटा मणी बुडतो. महागडा मणी घ्यायचाच असेल, तर क्ष-किरण चित्रासह घ्यावा. जितकी मुखे तितके कप्पे आत दिसायला हवेत. काजूच्या आकाराचा जो ‘एकमुखी’ दाखवतात, तो दक्षिण भारतातून येतो. तो नेपाळी म्हणून नेपाळात जाऊन घेण्यात काही हशील नाही.

दुसरा दिवस : पाटन

टॅक्सीने किंवा पठाओसारख्या ॲपवरून गाडी बोलावून बागमती ओलांडावी. वाटेत कुपंडोल येथे महागुठी, ढुकुटी आणि साना हस्तकला ही कारागिरांच्या मालाची, ठरावीक किमतींची दुकाने आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथे आधी तासभर घालवावा आणि लोकता झुडपाच्या सालीपासून केलेल्या कागदाच्या वह्या, ‘ढाका’ नावाचे नक्षीदार नेपाळी कापड, विणलेल्या वस्तू यांच्या किमती टिपून घ्याव्यात. खरा भाव काय असू शकतो याचा अंदाज हातात आला की इतरत्र घासाघीस करायला आधार मिळतो. लोकता कागद उजेडासमोर धरला की आतले लांब तंतू स्पष्ट दिसतात.

पाटनच्या दरबार चौकातून दक्षिणेकडे महाबौद्ध मंदिराकडे चालत गेले की ओकुबहालच्या परिसरात मूर्ती घडवणाऱ्यांची घरे आणि दुकाने लागतात. इथे मेणाची मूर्ती घडवून तिच्यावर मातीचे थर देतात, तापवून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. मूर्ती बाहेर काढायला साचा फोडावाच लागतो, त्यामुळे दोन मूर्ती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. घेताना चेहरा आणि बोटे पाहावीत. पापणीची रेघ, नखांची टोके आणि दागिन्यांच्या मागची बाजू जिथे कोरून स्वच्छ केलेली असते, तिथे कारागिराने वेळ दिलेला असतो. धातू तांबे आहे की पितळ, सोनेरी रंग खऱ्या सोन्याचा मुलामा आहे की रंग, हे थेट विचारून पावतीवर लिहून घ्यावे. ‘जुनी मूर्ती आहे’ या बोलण्याला पैसे देऊ नयेत; काळपट झाक रसायनाने एका दिवसात आणता येते.

नादपात्रे, म्हणजे ज्यांना बाजारात सिंगिंग बोल म्हणतात, तीही इथे किंवा बौद्धनाथच्या स्तूपाभोवती घ्यावीत. ती सात किंवा आठ धातूंची असल्याचे सांगितले जाते, परंतु मुळात ती तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची, म्हणजे काशाची असतात. आपल्याकडे तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासतात, त्याच धातूचा हा मोठा भाऊ. पात्र पसरलेल्या तळहातावर, बोटांचा स्पर्श कडेला न होऊ देता ठेवावे, काठीचा मऊ भाग हलकेच मारावा आणि डोळे मिटून नाद किती वेळ टिकतो ते मोजावे. मध्येच फुटका खरखरीत आवाज आला तर कुठे तरी चीर आहे. हातोडीने घडवलेल्या पात्रावर ठोक्यांच्या असमान खुणा असतात. ओतलेले पात्र आरशासारखे एकसारखे दिसते आणि बरेच स्वस्त पडायला हवे.

थांगका, म्हणजे कापडावर रंगवलेल्या बौद्ध चित्रात, छापील प्रत ओळखण्यासाठी भिंगातून पाहावे : छपाईत बारीक ठिपके दिसतात, कुंचल्यात रेघेची जाडी बदलत जाते. रस्त्यात गाठून ‘चित्रशाळा दाखवतो’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये, कारण त्याचे कमिशन आपल्याच किमतीत धरलेले असते.

ठमेलमध्ये गिर्यारोहणाच्या नामांकित कंपन्यांच्या शिक्क्याची जी जाकिटे टांगलेली दिसतात, त्यांतील बहुतांश नक्कल असते. एका हिवाळ्यापुरती घ्यायला हरकत नाही. न्यू रोड इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे, पण हमीपत्र भारतात चालणार नसेल तर त्यात अर्थ नाही.

भाव कसा करावा

सगळीकडे एकच फूटपट्टी लावू नये. असनच्या मसाल्यात आणि भांड्यांत नफा थोडा असतो. तिथे फार तर वरचे सुट्टे पैसे सोडवून घ्यावेत. शाली, पात्रे आणि चित्रे यांत मात्र पहिला आकडा वाढवलेला असतो. आधी दोन दुकानांत नुसते विचारावे, मग तिसऱ्या दुकानात आपल्याला खरोखर देता येईल असा आकडा सांगावा आणि त्यावर थोडेच वर जावे. आपण सांगितलेला आकडा दुकानदाराने मान्य केला, की वस्तू घेतलीच पाहिजे. मान्य झाल्यावर मागे फिरणे तिथे अपमानाचे मानतात. सकाळच्या पहिल्या विक्रीला नेपाळीतही ‘बोहनी’च म्हणतात, आणि आपल्याकडच्या भवानीइतकेच तिला महत्त्व आहे. पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून दुकानदार बराच उतरतो. म्हणूनच घेण्याचा विचार पक्का नसेल, तर दुकान उघडता उघडता भाव पाडायला बसू नये.

पावती आणि परतीचे सामान

मोठ्या खरेदीची छापील पावती घ्यावी. सांगितलेल्या भावात १३ टक्के मूल्यवर्धित कर धरला आहे का, हे आधीच विचारावे. नेपाळमधून १०० वर्षांहून जुन्या कलावस्तू बाहेर नेण्यास कायद्याने बंदी आहे, आणि नवी वस्तूसुद्धा जुनी दिसत असेल तर विमानतळावर अडवली जाऊ शकते. त्यासाठी रामशाहपथ येथील पुरातत्त्व विभागाचे, वस्तू जुनी नसल्याचे प्रमाणपत्र लागते. बहुतेक मूर्तीवाले ते मिळवून देतात, पण त्याला वेळ लागतो. मूर्तींची खरेदी निघण्याच्या आदल्या दिवशी न करण्याचे हेच मुख्य कारण. सोने मात्र तिथून आणूच नये, त्यावर सीमाशुल्काचे कडक नियम आहेत.

खुकुरी घेतली असेल तर ती हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या सामानातच द्यावी. टिमुर आणि जिम्बु दुहेरी पिशवीत बांधून डब्यात घालावेत, नाही तर दोन्हींचा वास पश्मिन्यात बसतो आणि महिनाभर जात नाही. नादपात्रात मोजे किंवा मफलर भरून ते कपड्यांच्या मधोमध ठेवावे. प्रमाणपत्र आणि मूर्तीची पावती मात्र मोठ्या सामानात न टाकता, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्राबरोबर हातातच ठेवावी.